राखीव आणि राखलेले : खानदेशातील वनरक्षणाचा भाषिक मागोवा

'राखणे' ह्या एकाच धातूपासून मराठीत शब्दांची दोन कुळे निघाली आहेत. राखण, राखण्या, राखोळी हे शब्द पहिल्या कुळातले. त्यांत राखणारा माणूस नेहमी डोळ्यांसमोर उभा असतो. शेताची राखण म्हटली की आज कोणाची पाळी, हा प्रश्न ओघानेच येतो. गुरे राखोळीला दिली म्हटली की कोणाकडे दिली, हे सांगावेच लागते. 'राखीव' हा शब्द दुसऱ्या कुळातला. कोरीव, आखीव, घडीव ह्या शब्दांप्रमाणे तोही कर्माचे विशेषण आहे. कोरीव लेणे म्हणताना कोरणाऱ्याचा उल्लेख करावा लागत नाही, तसेच राखीव वन म्हणताना राखणाऱ्याचाही करावा लागत नाही. वस्तूची अवस्था सांगितली जाते आणि कर्ता वाक्याबाहेर राहतो.

हा भेद केवळ व्याकरणापुरता असता तर त्याची चर्चा इतिहासाच्या अभ्यासात अस्थानी ठरली असती. परंतु खानदेशातील वनांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला असता तो पुष्कळ अंशी ह्याच दोन कुळांमधील अंतराचा इतिहास आहे, असे दिसून येते. वन राखले जाते ते कोणाच्या तरी नित्य हिंडण्याफिरण्याने. ते हिंडणेफिरणे कायद्याने गुन्हा ठरले, तेव्हा राखणही क्षीण झाली. आणि जेथे ते पुन्हा सुरू झाले, तेथे तोड थांबली. हे विधान कोठवर खरे आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. मेहरूण आणि लांडोरखोरी

मेहरूण हे एके काळी जळगावालगतचे स्वतंत्र गाव होते. आज ते शहराच्या हद्दीत आहे. मेहरूणचा तलाव आणि मेहरूणची बोरे ह्या दोन गोष्टींनी हे नाव खानदेशाबाहेरही पोचविले. बोरीच्या एका जातीला फळबागशास्त्रात मेहरूण असेच नाव आहे. शहर वाढले तशा बोरीच्या बागा आटत गेल्या. तलाव मात्र टिकला, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या काठाने फिरावयास जाण्याचा जळगावकरांचा परिपाठही टिकला.

शहरालगतच मोहाडी रस्त्याच्या बाजूस वनखात्याच्या ताब्यातील लांडोरखोरी नावाचे क्षेत्र आहे. तेथेही फिरणाऱ्यांचा राबता असतो. लांडोर म्हणजे मोराची मादी आणि खोरी म्हणजे लहानशी दरी. हे नाव कोणा अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवून दिलेले नाही, हे उघड आहे. त्या घळीत लांडोरी पुन्हापुन्हा पाहिलेल्या माणसांच्या तोंडून ते आले असले पाहिजे. सातपुड्यातील यावलकडच्या आंबापाणी ह्या पाड्याच्या नावासही हेच लागू आहे. आंबा कोठे आहे आणि पाणी कोठे मिळते, हे पायी चालणाऱ्याने पुढच्या चालणाऱ्यासाठी सांगून ठेवलेले आहे. पिंपळनेर, पळासनेर, अंजनविहिरे, बोरखेडे ही गावांची नावेही त्याच वळणाची आहेत. ग्रामनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची वाट वि. का. राजवाडे यांनी घालून दिली. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यास स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ खानदेशातच आहे, हा योगायोग ह्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लांडोरखोरीसारख्या विरळ, काटेरी झुडपांच्या क्षेत्राला वन म्हणावे काय, अशी शंका अनेकदा घेतली जाते. ह्या शंकेचे उत्तर भाषेतच सापडते. मराठीतील 'जंगल' हा शब्द संस्कृतातील 'जाङ्गल' ह्या शब्दावरून आला. आयुर्वेदाच्या परंपरेत जांगल प्रदेश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. पाणथळ 'आनूप' प्रदेशाच्या तो उलट. दाट झाडीचा अर्थ ह्या शब्दाला मागाहून चिकटला. मूळ अर्थाने पाहिले असता तापीच्या खोऱ्यातील बोर, बाभूळ, पळस, हिवर यांची माळराने आणि सातपुड्याच्या उतारावरील अंजन, सलई, धावडा, खैर यांची पानगळीची वने हीच खरी जंगले होत. दाट झाडी म्हणजेच वन, ही समजूत लाकडाच्या हिशेबातून दृढ झाली. आणि ज्या रानात विकण्याजोगे लाकूड नाही ते पडीक, असा निवाडा त्याच समजुतीतून निघाला. शहरालगतच्या झुडपी रानांना कुऱ्हाडीइतकाच ह्या निवाड्याचाही धोका आहे.

२. जागल्या आणि रखवालदार

इंग्रजी अमलापूर्वी खानदेशातील अनेक गावांत राखणीचे काम भिल्लांकडे असे. गावाच्या ह्या पहारेकऱ्यास 'जागल्या' म्हणत. जागल्या म्हणजे जागणारा. गावकामगारांच्या रचनेत त्यास स्थान होते आणि त्याबद्दल त्यास गावाकडून हक्क मिळे. सातपुडा आणि सातमाळा यांतील घाटवाटांवरही भिल्ल नाईकांचा असाच रखवालीचा दावा होता. राखण करावयाची आणि तिचा मोबदला घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था. अमल बळकट असेतो ती रखवाली म्हणविली गेली आणि अमल ढासळला की तीच लूट म्हणविली गेली. दोहोंमधील सीमारेषा फार पुसट होती.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा पेंढाऱ्यांच्या धामधुमीने आणि दुष्काळाने मुलूख उजाड झालेला होता. प्रथम काही वर्षे लष्करी मोहिमांनी भिल्लांना दाबण्याचा प्रयत्न झाला. तो फसल्यावर १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली आणि जेम्स औट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. जुन्या राखणदारांनाच सरकारी शिपाई करण्याचा हा डाव होता. औट्रमचे नाव चाळीसगाव आणि कन्नड यांमधील घाटास मिळाले, आणि १९८६ मध्ये तेथे घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या नावातही ते राहिले. घाट राखणाऱ्या नाईकांची नावे त्या घाटाला मिळाली नाहीत. मोबदला देणारा बदलला, तेव्हा कोणासाठी राखावयाचे हेही बदलले, एवढा अर्थ ह्या नावातून निघतो.

३. सागवान, रेल्वे आणि कापूस

वनांकडे लाकडाचा साठा म्हणून पाहण्यास ह्यानंतर प्रारंभ झाला. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील वने पट्ट्याने घेतली. डांगचा राजकीय कारभार त्या काळी खानदेशाच्या एजन्सीकडे होता. डांगचे सागवान हे ह्या पट्ट्याचे कारण होते. राजांना त्याबद्दल वार्षिक रक्कम ठरवून दिली गेली. आहवा येथे भरणाऱ्या डांग दरबारात तिचे वाटप करण्याची प्रथा अद्यापही चालू आहे. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. वैद्य आणि वनस्पतिज्ञ असलेल्या गिब्सन यांनी झाडे तुटल्याने पाऊसपाण्यावर आणि मातीवर होणाऱ्या परिणामांकडे सरकारचे लक्ष वेधले. तथापि त्यांची चिंता आणि सरकारची गरज ह्यांचा मेळ बसणे कठीण होते.

ही गरज १८६० नंतर एकदम वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जळगाव-भुसावळवरून गेला. एक मैल रुळाखाली सुमारे १,८०० ते २,००० स्लीपर लागत. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ ह्या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची बाजारपेठ ह्याच काळात भरभराटीस आली. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी तापीकाठची राने मोडली गेली. खानदेशातील वनांचा ऱ्हास भिल्लांच्या कुऱ्हाडीने झाला, असा समज पुढे सरकारी लेखनात वारंवार दिसतो. तो सर्वस्वी निराधार नसला तरी रूळ आणि रुई ह्या दोहोंच्या हिशेबापुढे त्या कुऱ्हाडीचा हिशेब लहान पडतो, असे म्हणावे लागते.

४. १८७८ चा कायदा

१८६५ मध्ये वनविषयक पहिला कायदा झाला. १८७८ च्या कायद्याने वनांचे तीन वर्ग पाडले : राखीव वने, संरक्षित वने आणि ग्रामवने. पहिल्या दोहोंतील फरक थोडक्यात असा की, संरक्षित वनात मनाई केलेल्या गोष्टी वगळता बाकीच्यांस मुभा असे. राखीव वनात परवानगी दिलेल्या गोष्टी वगळता बाकीच्यांस मनाई असे. राखीव वनात नुसता प्रवेश हाही गुन्हा ठरू शकत होता. तिसरा वर्ग, म्हणजे ग्रामवनांचा, बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांचा कल गावांना वनाचा वाटा देण्याकडे होता. बेडन-पॉवेल यांचे मत सरकारची मालकी निरपवाद असावी असे होते. कायद्याच्या मसुद्यात दुसऱ्या मताची सरशी झाली.

ही कल्पना युरोपात नवी नव्हती. इंग्रजीतील 'फॉरेस्ट' ह्या शब्दाचे मूळ 'बाहेर' ह्या अर्थाच्या लॅटिन 'फोरिस' मध्ये दाखविले जाते. मध्ययुगात तो शब्द झाडीला लावीत नसत. राजाच्या शिकारीसाठी सामान्य कायद्याच्या बाहेर काढलेल्या भूमीस लावीत. त्या भूमीतील चराई, सरपण इत्यादी हक्क प्रजेला परत मिळावेत म्हणून इंग्लंडात १२१७ मध्ये वनांची सनद द्यावी लागली. तिथल्या प्रजेने सहा शतकांपूर्वी ज्याविरुद्ध झगडा केला, तेच तत्त्व १८७८ मध्ये खानदेशच्या डोंगरांत आले.

महाराष्ट्रात ह्याविरुद्ध आवाज लवकर उठला. पुणे सार्वजनिक सभेने कायद्यास हरकत घेतली. महात्मा फुले यांच्या १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथातही वनखात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याच्या गुरांची झालेली दैना मांडलेली आहे. १९३० मध्ये पुसद, चिरनेर, बागलाण अशा ठिकाणी झालेल्या जंगल सत्याग्रहांत मिठाऐवजी गवत आणि लाकूड ही कायदेभंगाची साधने झाली. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. सत्याग्रही राखीव वनात शिरले म्हणजे काय केले, तर जेथे त्यांचे आजे-पणजे रोज जात तेथे ते पुन्हा गेले.

५. बीट आणि कूप

वनखात्याने मराठीला दिलेल्या शब्दांपैकी दोन शब्द येथे विशेष उपयोगी आहेत. पहिला 'बीट'. वनरक्षकाच्या ताब्यातील क्षेत्रास बीट म्हणतात. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ पहारेकऱ्याने पायाखाली घालावयाचा ठराविक रस्ता असा आहे. त्यावरील घटकास 'राउंड' म्हणतात, म्हणजे फेरी. खात्याचे मोजमाप मुळात पावलांचे होते, हे ह्या दोन शब्दांवरून सिद्ध होते. पुढे राज्यकारभाराची भाषा मराठी झाल्यावर बीटला 'नियतक्षेत्र' आणि राउंडला 'परिमंडळ' हे पर्याय आले. शब्द शुद्ध आहेत, पण त्यांतून चालणे निघून गेले. शिपाई मात्र आजही बीटच म्हणतो, कारण त्याला ते चालावे लागते. सातपुड्यातील चढउतारांचे एक बीट एका माणसाने नित्य पायाखाली घालणे किती अवघड आहे, हे तेथे गेलेल्यास सांगावयास नको.

दुसरा शब्द 'कूप'. संस्कृतात कूप म्हणजे विहीर. वनखात्याच्या बोलीत कूप म्हणजे त्या वर्षी तोडावयाचा वनाचा तुकडा. हा शब्द 'तोड' ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून इंग्रजीच्या मार्गाने आला. एकाच ध्वनीचे हे दोन शब्द दोन दृष्टी दाखवितात : एकीत जमिनीतून पाणी येते, दुसरीत जमिनीवरून लाकूड जाते. कूप लिलावात ठेकेदाराकडे जाई आणि आदिवासी त्यावर मजुरीला जात. ही पिळवणूक थांबावी म्हणून मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. त्या काळचा पश्चिम खानदेश जिल्हा हे त्यांचे एक प्रमुख क्षेत्र होते. ठेकेदार दूर झाला, मजुरीची स्थिती सुधारली. पण संस्थेचे उत्पन्न तोडीवरच अवलंबून राहिले. राखण हे संस्थांचे काम नव्हते. १९६९ मध्ये यावल अभयारण्य घोषित झाले आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन अन्य कामास देण्यावर बंधने आली. ह्या दोहोंचे महत्त्व निर्विवाद आहे. राखीव ठरल्यामुळेच पुष्कळ डोंगर नांगराखाली जाण्यापासून वाचले, हेही मान्य केले पाहिजे. मात्र राखणारा तोच राहिला : एक बीट आणि एक वनरक्षक.

६. बारीपाडा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेजवळ, बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा आहे. बारी हा शब्द त्या बाजूस खिंडीस लावतात. १९९० च्या सुमारास पाड्याभोवतीचे डोंगर बोडके झाले होते आणि पाण्याची टंचाई होती. चैत्राम पवार ह्या शिकलेल्या तरुणाने नोकरीची वाट न धरता गावातच राहावयाचे ठरविले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांचे साहाय्य मिळाले. गावाने एकत्र बसून नियम केले : हिरवे झाड तोडावयाचे नाही, तोडल्यास दंड, आणि राखण गावानेच करावयाची. उतारावर चर आणि बांध घालून पाणी अडविण्यात आले. सुमारे ४४५ हेक्टर वन ह्या रीतीने पुन्हा उभे राहिले. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री देण्यात आली.

'कुऱ्हाडबंदी' हा समास मराठीत ग्रामसुधारणेच्या चळवळीतून रूढ झाला. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्याबरोबर तो येतो. 'बंदी' हा शब्द कायद्याच्याच घराण्यातला. परंतु येथे बंदी घालणारा आणि पाळणारा एकच आहे. हा फरक शब्दात दिसत नाही, आचरणात दिसतो. बारीपाड्यात दर वर्षी स्त्रियांची रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा होते. एरवी ती करमणुकीची बाब वाटेल. पण कोणती भाजी कोणत्या उतारावर, कोणत्या नक्षत्रात उगवते, कोणता भाग खुडावयाचा आणि कोणता ठेवावयाचा, हे जाणणारी स्त्री त्या वनात वर्षभर हिंडत असते. तिच्या नजरेतून नवी तोड सुटत नाही. राखणीसाठी वेगळी फेरी काढण्याची तिला गरज नसते.

खानदेशात शेताला वावर म्हणतात, आणि एखाद्या ठिकाणी सतत असणे-जाणे ह्यासही वावरच म्हणतात. ह्या दोन शब्दांची व्युत्पत्ती एक मानावी की भिन्न, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी बोलणाऱ्याच्या मनात त्यांचे नाते जुळलेले असते : जेथे आपला वावर, ते आपण सांभाळावयाचे. ओडिशातील कित्येक गावांत 'ठेंगापाळी' नावाची पद्धत आहे. ठेंगा म्हणजे काठी. ती ज्याच्या दारात ठेवलेली असेल त्याने त्या दिवशी वनात फेरी मारावयाची आणि परतल्यावर काठी शेजाऱ्याच्या दारात ठेवावयाची. ह्यातील पाळी आणि मराठीतील पाळी एकच. दोन्हीकडे राखण म्हणजे पाळीचे चालणे, हीच कल्पना आहे.

ह्या उदाहरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बारीपाडा लहान आहे, एकजिनसी आहे, आणि त्याला दीर्घकाळ टिकलेले नेतृत्व लाभले. यावल-चोपड्याकडील सातपुड्यात परिस्थिती गुंतागुंतीची आहे. तेथे तडवी, पावरा, भिल्ल, बारेला अशा अनेक समाजांची वस्ती आहे, सीमेपलीकडून येणाऱ्यांची भर आहे आणि लाकडाच्या चोरट्या व्यापाराचा दाब आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसणुकीस मान्यता दिली. त्या तारखेनंतरही नव्या तोडीच्या तक्रारी होत राहिल्या. वावर आहे म्हणून राखण होतेच असे नाही. वावराला गावाचा नियम आणि नियमाला गावाची संमती लागते.

७. शब्दांचे पुरावे

२००६ च्या कायद्याकडे बहुधा जमिनीच्या पट्ट्यांचा कायदा म्हणून पाहिले जाते. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही गणलेला आहे, आणि पाचव्या कलमाने ग्रामसभेस वन राखण्याचा अधिकार दिला आहे. राखणे हा हक्क आहे, असे विधान भारताच्या वनकायद्यात येण्यास १८७८ पासून १२८ वर्षे लागली. 'राखीव' ह्या विशेषणातून बाहेर पडलेला कर्ता ह्या कलमांत वाक्यात परत आला.

हा हक्क सिद्ध करण्यासाठी परंपरागत सीमा दाखवाव्या लागतात, आणि नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन पुरावा म्हणून मान्य केले आहे. येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. पाड्याची शीव कोठून कोठपर्यंत, हे सांगताना म्हातारा माणूस घळींची, झऱ्यांची, देवाच्या जागांची आणि एकेकट्या झाडांची नावे उच्चारतो. ती नावे पावरी, कोकणी, तडवी, अहिराणी ह्या बोलींत आहेत. सर्वेक्षणाच्या नकाशांत त्यांपैकी फार थोडी उतरली. ती नावे सांगणाऱ्याबरोबर डोंगरात चालत जाऊन जागच्या जागी उतरवून घेतली, तर तो एकाच वेळी बोलीचा नमुना, इतिहासाचे साधन आणि हक्काचा पुरावा होतो. धुळे, नंदुरबार आणि जळगाव ह्या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत त्या बोली बोलणारे विद्यार्थी आहेत. हे काम त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणास साधणार नाही.

लांडोरखोरीत फिरावयास जाणाऱ्या नागरिकाचा आणि बारीपाड्याच्या राखणदाराचा संबंध वरवर दूरचा वाटतो. पहिला मोकळ्या हवेसाठी जातो, दुसऱ्याचे पाणी आणि सरपण त्या वनावर अवलंबून असते. तथापि एका बाबतीत दोघे सारखे आहेत. रोज जाणाऱ्यालाच काल उभे असलेले झाड आज नाही, हे कळते. ज्या रानात कोणी जात नाही, त्यातील तोड कळण्यास अहवालाची वाट पाहावी लागते. आणि अहवाल येईतो फक्त खुंट मोजावयाचे उरतात.